बल्गेरियन कथालेखिकेचं मांजर

ती आमच्या कंपनीत आली तेव्हा एचआरने सगळ्यांना मेल पाठवला की, आपल्या कंटेंट टीममध्ये एक पुरस्कारप्राप्त युरोपियन कादंबरीकार दाखल होत आहेत. तिने त्याच दिवशी सगळ्यांना उत्तर पाठवून कळवलं की ती कादंबरीकार नाही, कथा लिहिते. त्यावर एचआरचा दुसरा मेल आला. 'दुरुस्ती : त्यांची कादंबरी अजून यायची आहे.'

आमचं ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकतिसाव्या मजल्यावर. अजून न बांधलेल्या इमारतींमधले फ्लॅट विकणं हा कंपनीचा धंदा, आणि त्या इमारतींबद्दल आधीच छान छान लिहून ठेवणं हे आमच्या टीमचं काम. मी तिथे अकरा वर्षं आहे. तिचं टेबल माझ्या शेजारी आलं. पन्नाशीची बाई, पांढरे झालेले केस तसेच ठेवलेले, आणि मान हलवायची उलटी रीत. तिच्या देशात होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला उभी. आमचा मॅनेजर विचारायचा, "गुरुवारपर्यंत होईल ना?" ती मान आडवी हलवायची. तो घाबरून मुदत वाढवून द्यायचा. हे प्रकरण काय आहे ते मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं, पण मुदत माझीही वाढत असल्यामुळे बोलले नाही.

आम्ही इंग्रजीतच बोलायचो. इथे ते मराठीत सांगते आहे. दुपारी पॅन्ट्रीत ती डबा उघडायची. काकडी, दही, लसूण आणि अक्रोड, त्यात पाणी घालून पातळ केलेलं. मी तिला म्हटलं, आमच्याकडे ह्याला कोशिंबीर बिघडली असं म्हणतात. ती हसली, आणि त्या दिवसापासून आम्ही रोज एकत्र जेवायला लागलो.

तिची कारकीर्द मला अशीच डब्याडब्यातून कळली. डॅन्यूबच्या काठच्या एका गावात ती शाळेत साहित्य शिकवायची. पहिली कथा एकोणिसाव्या वर्षी छापून आली. पुढे तीन संग्रह. तिसऱ्याला पुरस्कार मिळाला तेव्हा गावात सत्कार झाला, आणि महापौर भाषणात म्हणाले की आता गावाला कादंबरीची प्रतीक्षा आहे. प्रकाशक तेच म्हणाला. तिची आई म्हणाली, "एवढ्या लहान लहान गोष्टी लिहितेस, त्या सगळ्या एकमेकींना जोडल्यास तर?" मग गावातली तरुण माणसं एकेक करून जर्मनीला गेली, वर्ग रिकामे झाले, शाळा शेजारच्या शाळेत विलीन झाली आणि ती दुबईला आली. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये एका खोलीचा फ्लॅट, रोज मेट्रो, आणि वर्षाला दोन कथा. त्याहून जास्त तिला कधी जमल्या नाहीत, आणि जमवायच्याही नव्हत्या.

इथे तिने लिहिलेलं 'पाण्याकाठी जागे व्हा' हे वाक्य शेख झायेद रोडवरच्या होर्डिंगवर लागलं. आम्ही दोघी मेट्रोतून ते बघत होतो.

"माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं वाक्य," ती म्हणाली. "आणि तिथे पाणी नाहीये."

"येईल ना. तळं खणणार आहेत."

"इन्शाल्ला," ती म्हणाली. तोपर्यंत एवढं अरबी तिला यायला लागलं होतं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ माझ्यामुळे झाला. मी, माझा नवरा आणि चौदा वर्षांची मुलगी अल बर्शात राहतो. माझ्या सासूबाई कऱ्हाडला एकट्या असतात. त्या वर्षी त्यांच्या मनात दोन महिने दुबईला यायचं होतं. नवऱ्याला साइटवरून सवड नव्हती, म्हणून व्हिसाचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या पासपोर्टची प्रत आणि फोटो पर्समध्ये घालून मी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरला गेले. दारापर्यंत गेले. मग शेजारच्या ग्रोसरीतून कोथिंबीर घेतली आणि घरी आले. सासूबाई वाईट नाहीत. त्या सकाळी साडेपाचला उठतात, सगळ्यांनी उठावं असं त्यांना वाटतं, आणि भांड्यांचं कपाट त्यांना आपल्या पद्धतीने लावायचं असतं, एवढंच. पण आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा आहे आणि त्या वर्षी मी फार थकले होते. नवऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "रिजेक्ट झाला." त्याने हळहळ व्यक्त केली. चार महिन्यांनी पुन्हा तेच घडलं. पुन्हा कोथिंबीर.

सासूबाईंनी फोनवर विचारलं, "माझ्या नावात काही चूक होती का गं?" मला सुटका हवी होती, म्हणून मी म्हटलं, "असेल आई. आधार कार्डावर आणि पासपोर्टवर स्पेलिंग वेगळं आहे ना तुमचं." त्यावर त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने कऱ्हाडला स्पेलिंग दुरुस्त करण्याची मोहीम उघडली. फोटो, अंगठे, अर्ज, 'उद्या या', पुन्हा रांग. दर रविवारी त्या मला फोनवर प्रगती सांगायच्या.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एका दुपारी त्या पातळ कोशिंबिरीसमोर बसून तिला सांगितलं. तिने काही सल्ला दिला नाही. एवढंच विचारलं, "कोथिंबीर दोन्ही वेळा?" मी हो म्हटलं. मला फार हलकं वाटलं. ती परकी आहे, इथे कुणाला ओळखत नाही, गोष्ट सुरक्षित आहे असा माझा हिशेब होता.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक होती. वार्षिक साहित्य मेळाव्याला पाहुणा मिळत नव्हता. पुण्याहून बोलवायच्या लेखकाला बिझनेस क्लास हवा होता. मी सहज बोलून गेले की माझ्या शेजारच्या टेबलावर एक बल्गेरियन लेखिका बसते. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. ते एका शिपिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि कुठलीही गोष्ट ती आंतरराष्ट्रीय झाल्याशिवाय त्यांना पूर्ण वाटत नाही.

"मॅडम, हे तुम्ही आज सांगताय? फॉरेनची लेखिका. खलास. आपण त्यांच्या कथेचं मराठीत वाचन करू. भाषांतर तुम्ही."

"तुम्ही त्यांचं काही वाचलंय का?" एका सभासदाने विचारलं.

"त्याची गरज नाही," अध्यक्ष म्हणाले. "पुरस्कार आहे त्यांना."

ती तयार झाली. तिची सगळी पुस्तकं बल्गेरियन भाषेत. पण एक नवी कथा तिने स्वतःच इंग्रजीत करून ठेवली होती. "यातली माणसं इथली आहेत," ती म्हणाली. "तुमच्या लोकांना जवळची वाटेल." आठ पानं होती. मी ती मेट्रोत उघडली, आणि दुसऱ्या पानावर एक बाई टायपिंग सेंटरच्या दारातून परत फिरून कोथिंबीर विकत घेत होती.

तिने बाईला शारजात नेऊन ठेवलं होतं आणि अकाउंटंट केलं होतं. बाकी सगळं मीच. दोन वेळची कोथिंबीर, 'रिजेक्ट झाला', भांड्यांचं कपाट. आणि कथेचा अर्धा भाग तिकडचा होता. एक म्हातारी सरकारी कचेरीत रांगेत उभी आहे, आपल्या नावातल्या एका अक्षरासाठी. तिच्या पुढच्या माणसाला ती अभिमानाने सांगते, "माझं परदेशातलं काम अडलंय." मी माझं स्टेशन सोडून दोन स्टेशनं पुढे गेले.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते आता मला छान सांगता येतं. तिला फोन करून दुसरी कथा मागायची होती. पण आमंत्रणं गेली होती, अध्यक्षांनी बॅनर छापायला टाकला होता, आणि नवऱ्याने पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या. मी भाषांतराला बसले. बाईला केरळची केलं. तरी सासू राहिलीच. सासूची मावशी केली, तरी नवऱ्याने ओळखलं असतं. मग मला आठवलं की शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी गेल्या वर्षी आपलं मांजर नागपूरहून आणलं, तेव्हा त्यालाही परवाना लागला होता. मी सासूबाईंचं मांजर केलं.

ते भयंकर सोपं गेलं. पासपोर्टच्या प्रतीच्या जागी लसीकरणाचं कार्ड आलं. कपाटं लावण्याच्या जागी पडदे ओरबाडणं आलं. फक्त रांगेतला भाग बसेना, कारण मांजर आपल्या नावाचं स्पेलिंग दुरुस्त करायला जात नाही. तो भाग मी काढून टाकला आणि त्या जागी एक परिच्छेद स्वतः लिहिला. मांजर रोज दारात बसून रस्त्याकडे बघतं, असा. खरं सांगायचं तर तो लिहिताना माझे डोळे भरून आले होते, आणि आपण बरं लिहितो असंही वाटून गेलं.

मेळावा शनिवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात झाला. अध्यक्षांनी पंचवीस मिनिटं तिची ओळख करून दिली, त्यात दोनदा तिचा देश बेल्जियम झाला. शाल, श्रीफळ आणि पैठणीच्या कापडाची पर्स देण्यात आली. नारळाचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिने तो शेवटपर्यंत मांडीवर धरून ठेवला. मग अध्यक्षांनी माइकवरून विचारलं, "मॅडम, यू लाइक अवर मराठी पीपल?" तिने मनापासून मान आडवी हलवली. सभागृह गप्प झालं. मी उठून खुलासा केला, तेव्हा प्रचंड टाळ्या पडल्या.

मी कथा वाचली. ती माझ्या शेजारी बसून ऐकत होती, एकही शब्द न कळता, हात नारळावर ठेवून. लोक हसले, मग गप्प झाले, आणि मांजर दारात बसतं त्या परिच्छेदाला दोन-तीन बायकांनी डोळे टिपले. समारोपात अध्यक्ष म्हणाले, "हे मांजर म्हणजे कोण, मंडळी? हे मांजर म्हणजे आपली मातृभाषा. तिला आपण परवाना नाकारला आहे." यावर लोक उभे राहिले. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "चांगली होती गं कथा. वेगळीच." मागून मुलगी म्हणाली, "कॅन वी गेट अ कॅट?"

सोमवारी ऑफिसात तिने मला विचारलं, "एक सांग. तू जेवताना रोज सासू हा शब्द वापरतेस. तो मला आता ओळखता येतो. परवा मला तो ऐकू आला नाही."

"पुस्तकी मराठीत वेगळा शब्द असतो," मी म्हटलं. तिने मान हलवली. उभी की आडवी ते बघायचं मी टाळलं.

गोष्ट तिथेच थांबली असती. पण अध्यक्षांचा मामेभाऊ पुण्यात एका दिवाळी अंकाचा संपादक निघाला. भाषांतर त्याच्याकडे गेलं. त्याला ते इतकं आवडलं की अंकात पहिलं पान मिळालं. एका समीक्षकाने सोबत टिपण लिहिलं की पूर्व युरोपातल्या दडपशाहीच्या अनुभवाशिवाय हे मांजर जन्माला येणं शक्य नव्हतं. ते टिपण व्हॉट्सअॅपवर फिरलं आणि तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडेच परत आलं. तिच्या तीन संग्रहांनी तिच्या देशात जे केलं नाही ते माझ्या मांजराने मराठीत दोन आठवड्यांत केलं. एका महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने तिला ईमेल करून मुलाखत मागितली. प्रश्न क्रमांक एक होता : आपल्या लेखनातल्या प्राणिसृष्टीविषयी सांगा.

अध्यक्ष स्वतः पाच अंक घेऊन आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनला आले. मी त्या दिवशी मीटिंगमध्ये होते. बाहेर आले तेव्हा अंक तिच्या टेबलावर उघडा होता. पानभर चित्र होतं. एक मांजर खिडकीत बसून विमानाकडे बघतंय.

"माझ्या कथेत मांजर नाही," ती म्हणाली.

"चित्रकाराने प्रतीक म्हणून..."

"मी फोनवरचं भाषांतराचं अॅप धरून शीर्षक वाचलं. शीर्षक 'मांजर' आहे."

मग मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिने अंक मिटला.

"आणि नावाच्या दुरुस्तीचा भाग?"

"तो काढला. मांजराला ते..."

"म्हणजे तू कथा काढलीस," ती म्हणाली. "उरलं ते छापलं."

मला राग आला. आपलंच चुकलेलं असलं की मला फार पटकन राग येतो. मी म्हटलं, "तू तरी मला विचारलंस का? माझ्या घरातली गोष्ट होती ती."

"तू मला ती सांगितलीस तेव्हा मी काय करते हे तुला माहीत होतं. कंपनीने दोन मेल पाठवले होते." तिने अंक माझ्याकडे सरकवला. "मी वर्षाला दोन कथा लिहिते. त्यातली एक तू मांजराला देऊन टाकलीस."

तिने त्या दिवसापासून डबा टेबलावरच खायला सुरुवात केली. मी पॅन्ट्रीत एकटी जेवायचे. मॅनेजरने मला बाजूला घेऊन विचारलं की टीममध्ये काही इश्यू आहे का. मी म्हटलं, भाषांतराचा आहे. त्याने एजन्सीचा नंबर दिला.

तीन आठवडे असे गेल्यावर मी मूळ कथा पुन्हा काढली आणि जशी होती तशी मराठीत केली. शारजा, अकाउंटंट, सासू, कोथिंबीर, रांग. सगळ्यात जास्त वेळ त्या एका वाक्याला लागला, 'माझं परदेशातलं काम अडलंय'. ते सासूबाई अगदी असंच म्हणाल्या असत्या. बल्गेरियात राहिलेल्या बाईला ते कसं सुचलं, कुणास ठाऊक.

एका शनिवारी सकाळी पोहे झाल्यावर मी ती पानं नवऱ्यापुढे ठेवली. तो सावकाश वाचणारा माणूस आहे. दुसऱ्या पानावर त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग शेवटपर्यंत वाचलं.

"दोन्ही वेळा?" त्याने विचारलं.

"दोन्ही वेळा."

"आई सहा वेळा गेली त्या कचेरीत. मला फोनवर मोजून सांगितलंय तिने."

तो चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. पाचव्या दिवशी कपडे इस्त्री करताना तो पाठमोराच म्हणाला, "मी एकदाही तुझ्याकडे रिजेक्शनचा कागद मागितला नाही."

"का नाही मागितलास?"

"मागितला असता तर आई आली असती." त्याने शर्ट हँगरला लावला. "तिला आणायचं होतं मला. पण तसं बरंही चाललं होतं आपलं." दुसऱ्या दिवशी टायपिंग सेंटरला तो स्वतः गेला. व्हिसा चार दिवसांत आला.

सासूबाई नव्या स्पेलिंगचं कार्ड पर्समध्ये सगळ्यात वर ठेवून उतरल्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला, शिक्का मारला आणि "वेलकम" म्हणाला. कार्डाकडे त्याने पाहिलंही नाही, तरी सासूबाईंची खात्री पटली. "बघ, स्पेलिंगच होतं ते," गाडीत त्या मला म्हणाल्या. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो आई." सांगेन, योग्य वेळी सांगेन, असं ठरवलं होतं. त्या दोन महिने राहिल्या, भांड्यांचं कपाट तीनदा लागलं, आणि योग्य वेळ आली नाही. अजूनही मी त्यांना सांगितलेलं नाही.

मी तिला मात्र, सासूबाई इथे असतानाच, घरी जेवायला बोलावलं, नव्या भाषांतराची प्रत देऊन. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने पानं उलटली आणि विचारलं, "सासू कुठे आहे, दाखव." मी एकेका 'सासू'वर बोट ठेवत गेले. तिने मोजले. मूळ कथेइतकेच भरले.

जेवणाआधी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. ती त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली आणि निवडायला लागली. सासूबाईंनी तिला मराठीत आपलं लग्न, सासऱ्यांची एसटीतली नोकरी आणि त्यांचं आजारपण असं सगळं सांगितलं. ती आडवी मान हलवत ऐकत राहिली. दोन जुड्या संपल्या. नंतर सासूबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "बाई सारखी नाही नाही म्हणते, पण ऐकते छान."

नवं भाषांतर मी संपादकांना पाठवलं, सगळा खुलासा करून, माफी मागून. पुढच्या अंकात मूळ रूपात छापावी अशी विनंती केली. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. त्यांनी लिहिलं होतं की दोन्ही वाचली. पहिल्या रूपात एक वैश्विक परिमाण होतं, ते यात हरवलं आहे. शिवाय सासू-सुनेच्या कथा आमच्याकडे भरपूर येतात. मी ते तिला इंग्रजीत वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मग ती इतकी हसली की पॅन्ट्रीतली दुसरी माणसं बघायला लागली. "माझा प्रकाशक यांना भेटायला हवा," ती म्हणाली. "दोघांचं जमेल."

उन्हाळ्यात कंपनीने ब्रोशर लिहून देणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. तिचा करार पुढे वाढवला गेला नाही. निरोपाच्या केकवर 'आमच्या कादंबरीकाराला शुभेच्छा' असं लिहिलं होतं. तिने नीट कापून सगळ्यांना वाटला. सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी एका इमारतीसाठी 'पाण्याकाठी जागे व्हा' सुचवलं, आणि मॅनेजर म्हणाला, बघा, किती ओरिजनल आहे.

ती आता तिच्या गावाशेजारच्या गावात असते. तिथल्या ग्रंथालयात आठवड्यातून तीन दिवस काम करते. चौथा संग्रह आला. दुकान एकच आहे, त्यात मागच्या कपाटात ठेवलाय, असं तिने कळवलं. मागच्या महिन्यात तिने एक नवी कथा इंग्रजीत करून पाठवली. एक म्हातारी भाजी निवडत आपलं आयुष्य सांगते आहे, आणि ऐकणारीला त्यातला एकही शब्द कळत नाही. मी तिला मेसेज केला, "ही माझी सासू ना?"

"नाही," तिने लिहिलं. "माझी आई. शेवटच्या वर्षी तिचं बोलणं कुणालाच कळत नव्हतं. मी भाजी निवडत बसायचे."

मी ती मराठीत करायला घेतली आहे. कुणी मागितलेली नाही. तीन पानं झाली आहेत. तिच्या आईने कुठली भाजी निवडली ते कथेत लिहिलेलं नाही, म्हणून मी मेथी घातली होती. काल ती खोडली, आणि तिला विचारलं. पालक होता.